प्लाझ्मा टीव्ही आणि गेमचं भूत

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम. फोनवर सपाट राखाडी रंगाचा एखादा फोटो शोधा, तो फुल स्क्रीन करा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि खोलीतला दिवा घालवा. तुमचा फोन तीन-चार वर्षं वापरलेला असेल आणि स्क्रीन अमोलेड असेल, तर नीट बघा. वर जिथे घड्याळ आणि बॅटरीची खूण असते तिथे, किंवा खाली जिथे कीबोर्ड उघडतो तिथे, काही पुसट दिसतंय का?

सगळ्यांना दिसणार नाही. ज्यांना दिसलं, त्यांनी फोन बाजूला ठेवा आणि कानात इअरफोन घाला, कारण आजची गोष्ट त्या पुसट डागाच्या आजोबांची आहे.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो शाळेतल्या एका मित्राच्या घरी. त्याच्या दादाने कुणाकडून तरी वापरलेला प्लाझ्मा टीव्ही स्वस्तात आणला होता. भला मोठा, वजनदार, चालू केला की मागून गरम वाफा याव्यात तसा. आम्ही पाच-सहा जण मॅच बघायला जमलो. बॉल सीमारेषेकडे निघाला, कॅमेरा त्याच्या मागे धावला, सगळा पडदा हिरवागार झाला आणि खाली डाव्या कोपऱ्यात, स्कोअरच्या पट्टीच्या जरा वर, एक गोल दिसला. गवतापेक्षा किंचित गडद. बॉल अडवला गेला, कॅमेरा बदलला, गोल गायब. पुढच्या चौकाराला पुन्हा हजर. काकू आतून फडकं घेऊन आल्या. "डाग पडलाय का रे काचेला?" म्हणत त्यांनी ओव्हर संपेपर्यंत तो कोपरा घासला. डाग गेला नाही, कारण तो काचेवर नव्हताच. तो काचेच्या आत होता. आधीच्या मालकाने त्या टीव्हीवर कुठला तरी गेम इतके तास खेळला होता की गेममधला नकाशाच तिथे राहून गेला होता.

तो गेम कुठला, यावर आमच्यात बरेच दिवस वाद चालला. त्याचा निकाल शेवटी लागला, पण ते नंतर.

आधी दोन शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण लोक ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. एक आहे इमेज रिटेन्शन. म्हणजे एखादं चित्र बराच वेळ एका जागी स्थिर राहिलं, मग तुम्ही दुसरं काही लावलं, तरी पहिल्याची सावली काही मिनिटं किंवा काही तास दिसत राहते आणि मग विरून जाते. दुसरं आहे बर्न-इन. ती सावली कधीच जात नाही. पहिलं म्हणजे उशीवर झोपल्यावर गालावर उठलेली वळी. तोंड धुऊन चहा पिईपर्यंत निघून जाते. दुसरं म्हणजे गुडघ्यावरचा लहानपणचा व्रण. प्लाझ्मावर दोन्ही व्हायचं, आणि पंचाईत अशी की सावली दिसल्यादिवशी यातलं कुठलं आहे ते कळायचं नाही. वाट बघायची, एवढंच.

हा रोग प्लाझ्माच्या आधीपासूनचा. मोठ्या पाठीचे जुने टीव्ही आणि मॉनिटर आठवतात? त्यांत काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फर नावाच्या पदार्थाचा लेप असायचा. मागून इलेक्ट्रॉनचा झोत आला की लेप चमकायचा. एकाच जागी वर्षभर झोत पडला की तिथला लेप दमायचा. १९८० मध्ये आलेल्या पॅक-मॅनच्या आर्केड मशीनांचं हेच झालं. चक्रव्यूह कायम तोच, भिंती कायम त्याच जागी, आणि मशीन दिवसभर चालू. आजही जुनी आर्केड मशीनं जमवणाऱ्यांना बंद काचेवर पॅक-मॅनच्या भिंती दिसतात. मालकाने पुढे त्याच मॉनिटरवर दुसरा गेम बसवला असला, तरी त्याच्याखालून पॅक-मॅन डोकावतो.

स्क्रीनसेव्हरचा जन्म याच भीतीतून झाला. आपल्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्या रंगीबेरंगी पाइपांची वळणं बघत आपण तास काढले, पण मुळात तो टाइमपास नव्हता. १९७९ मध्ये आलेल्या अटारीच्या ४०० आणि ८०० या कॉम्प्युटरांना काही मिनिटं कुणी हात लावला नाही, तर ते आपणहून पडद्यावरचे रंग बदलत राहायचे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये जॉन सोचा या प्रोग्रामरने सॉफ्टटॉक नावाच्या मासिकात एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं की दाबली नाही तर पडदा काळा, बस. उडते टोस्टर वगैरे करमणूक त्यानंतरची, १९८९ ची.

आणि गेम? निन्टेन्डोच्या जुन्या गेमसोबत जी पुस्तिका यायची, तिच्यात स्पष्ट ताकीद असायची की हा गेम प्रोजेक्शन टीव्हीवर खेळू नका, स्थिर चित्राने पडद्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं. म्हणजे गेम बनवणाऱ्यांना हे माहीत होतं. टीव्ही बनवणाऱ्यांनाही माहीत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता प्लाझ्मा. आपल्याकडे हा शब्द दोन हजारच्या दशकात आला. शोरूमच्या काचेतून बघायची वस्तू, किंमत ऐकून पुढे चालू लागायची वस्तू. कित्येक घरांत तर कुठल्याही सपाट टीव्हीला प्लाझ्माच म्हणायचे. त्यामुळे वाटतं की ही गोष्ट फार तर वीस-पंचवीस वर्षांची असेल. पण प्लाझ्मा पडद्याचा जन्म झाला १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. टीव्ही बनवायचा म्हणून कुणी हे केलंच नव्हतं. करायचं होतं मुलांना शिकवणारं कॉम्प्युटर.

त्या प्रकल्पाचं नाव प्लेटो. १९६० पासून तो चालू होता. एका मोठ्या कॉम्प्युटरला अनेक पडदे जोडायचे, प्रत्येक पडद्यासमोर एक विद्यार्थी, आणि कॉम्प्युटर प्रत्येकाला त्याच्या गतीने शिकवणार. ऑनलाइन क्लासचे पणजोबाच म्हणा ना! अडचण पडद्याची होती. जुन्या पडद्यावर चित्र टिकत नाही. सेकंदाला कित्येक वेळा ते पुन्हा पुन्हा काढावं लागतं. त्यासाठी काय काढायचं हे कुठेतरी साठवून ठेवावं लागतं, म्हणजे मेमरी लागते. ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा पडदा घ्या. प्रत्येक ठिपका फक्त चालू किंवा बंद, तरी दोन लाख बासष्ट हजार ठिपके होतात. आजच्या हिशेबात ३२ केबी. व्हॉट्सअॅपवर सकाळी येणारा सुप्रभातचा फोटो याहून मोठा असतो. पण त्या काळी ३२ केबी मेमरी प्रत्येक विद्यार्थ्यासमोर ठेवणं म्हणजे अशक्य खर्च.

मग डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन या तिघांनी एक वेगळा विचार केला. चित्र लक्षात ठेवण्यासाठी वेगळी मेमरी कशाला? पडद्यालाच लक्षात ठेवू दे की!

कसं, ते बघा. दोन काचांच्या मध्ये वायूने भरलेले बारीक बारीक कप्पे. बाहेरून तारा. ठरावीक दाबाने वीज दिली की कप्प्यातला वायू पेटतो, प्रकाश देतो. तारांवर काचेचा थर आहे, त्यामुळे पेटताना तयार झालेला विद्युतभार तारेत वाहून जात नाही, कप्प्याच्या भिंतीवर साचून राहतो. पुढच्या क्षणी विजेची दिशा उलटी केली की हा साचलेला भार मदतीला येतो आणि कमी जोरातही तोच कप्पा पुन्हा पेटतो. जो कप्पा आधी पेटलेला नव्हता, त्याच्या भिंतीवर भार नाही, म्हणून तेवढ्या जोरात तो पेटत नाही. सगळ्या पडद्याला सारखीच वीज देत राहा; पेटलेले पेटत राहतात, विझलेले विझलेले राहतात. एकदा काढलेलं चित्र तसंच राहतं. आपण आधी काय होतो हे प्रत्येक कप्प्याला आठवतं.

मला या सगळ्या इतिहासात ही जागा फार आवडते. पुढे चाळीस वर्षांनी ज्या पडद्याला लोक "याला विसरता येत नाही" म्हणून शिव्या घालणार होते, तो मुळात लक्षात ठेवण्यासाठीच बनवला होता. गल्लत करू नका, भिंतीवरच्या भाराची ही मेमरी आणि नंतरचं बर्न-इन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज बंद केली की पहिली पुसली जाते, दुसरी नाही. पण योगायोग बघा तरी!

१९७२ मध्ये प्लेटोची चौथी आवृत्ती आली, तिच्यात हे नारिंगी पडदे होते. काचेचं काम करणाऱ्या ओवेन्स-इलिनॉय कंपनीने ते बनवले होते. पडद्याला हात लावून उत्तर देता यायचं, म्हणजे टचस्क्रीनसुद्धा होता. आणि विद्यार्थ्यांनी या शिकवणाऱ्या पडद्यावर काय केलं असेल?

बरोबर. गेम.

एम्पायर, स्पासिम, एअरफाइट ही नावं १९७३-७४ ची. कित्येक जण वेगवेगळ्या पडद्यांवर बसून एकाच वेळी एकमेकांशी लढायचे. १९७५ मध्ये पेडिट५ नावाचा गेम आला. असं विचित्र नाव का, तर तो अभ्यासाच्या फाइलसाठी राखलेल्या जागेत लपवलेला होता. प्रशासनाला सापडला की तो पुसला जायचा. सरांनी गेम डिलीट करण्याची परंपरा कॉम्प्युटर लॅबइतकीच जुनी आहे, हे आज कळलं असेल. तर सांगायचा मुद्दा, गेमर प्लाझ्मावर नंतर येऊन चढले असं नाही. पडदा वापरात आला तेव्हापासून ते त्याच्यासमोर बसलेले होते.

पण त्या नारिंगी पडद्यात एक गोष्ट नव्हती, फॉस्फरचा रंगीत लेप. तो नारिंगी उजेड थेट निऑन वायूचा होता. रंग हवे असतील तर वेगळी युक्ती लागणार होती, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं.

ही युक्ती तुमच्या घरातल्या जुन्या ट्यूबलाइटमध्ये आहे. ट्यूबमधल्या वायूतून मुख्यतः डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण निघतात. ते आतल्या पांढऱ्या लेपावर पडतात आणि लेप उजेड देतो. प्लाझ्मा टीव्हीत तेच, फक्त ट्यूब तांदळाच्या दाण्याहून लहान आणि अशा लाखो. एक लाल लेपाची, एक हिरव्या, एक निळ्या. जपानमधल्या फुजित्सू कंपनीने त्सुताए शिनोदा यांच्या कामाच्या जोरावर १९९२ मध्ये २१ इंची पूर्ण रंगीत पडदा आणला. १९९७ मध्ये फिलिप्सने ४२ इंची प्लाझ्मा अमेरिकेतल्या सिअर्सच्या दुकानांत विकायला ठेवला, किंमत १४,९९९ डॉलर. घरी येऊन बसवून देण्यासकट, हे त्यातल्या त्यात समाधान.

ट्यूब जुनी झाली की मंद होते, हे आपण पाहिलंय. टीव्हीत लाखो ट्यूब आहेत आणि प्रत्येकीचं वय वेगळं वाढतं. सगळ्या सारख्या म्हाताऱ्या झाल्या तर डोळ्याला कळणारही नाही. पडदा एकंदर थोडा मंद होईल, तुम्ही ब्राइटनेस वाढवाल. घोळ होतो तो असमान वापराने. कोपऱ्यातल्या काही हजार ट्यूब रोज सहा तास पूर्ण जोरात पेटत असतील आणि शेजारच्या अधूनमधून, तर वर्षभराने त्या कोपऱ्याचं वय शेजाऱ्यांपेक्षा जास्त. पडदा एकसारखा हिरवा किंवा पांढरा झाला की तिथे गडद आकार दिसतो. निळा लेप तर या तिघांत सगळ्यात आधी थकतो, म्हणून काही डागांना पिवळट झाक असायची.

कंपन्या जाहिरातीत मोठे आकडे सांगायच्या. पडद्याचं तेज अर्ध्यावर यायला सुरुवातीला वीस-तीस हजार तास, पुढे साठ हजार, शेवटी शेवटी तर एक लाख तास. आकडे खोटे नव्हते. पण ते सरासरी वापराचे होते, आणि डाग सरासरीने पडत नाही. शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये थोडासा फरक पडला की डोळ्याला कडा दिसते. त्याला लाख तास लागत नाहीत.

आता गेमकडे या. सिनेमात चित्र सतत बदलतं. बातम्यांच्या चॅनलवर खालची पट्टी आणि लोगो स्थिर असतो. पण गेममध्ये कडेला जी माहिती असते, जिला गेमर एचयूडी म्हणतात, म्हणजे जीव किती उरला, गोळ्या किती, नकाशा, स्कोअर, ती हेतूपूर्वक एकाच जागी ठेवलेली असते. का? कारण लढाईच्या मध्यात शोधायला लागू नये. नजर न वळवता कळलं पाहिजे. म्हणून ती ठसठशीतही असते, पांढरी, पिवळी, चटकन दिसणाऱ्या निळ्या रंगाची. चांगल्या एचयूडीचे सगळे गुण आणि प्लाझ्माला मारक गोष्टींची यादी, दोन्ही एकच!

यात आणखी एक खोच आहे, जी दुकानदार कधी सांगायचा नाही. प्लाझ्मातला कप्पा कमी-जास्त पेटत नाही. पेटतो किंवा नाही पेटत. कमी उजेड हवा तर सेकंदाच्या साठाव्या भागात थोडे झटके, जास्त हवा तर भरपूर झटके. म्हणजे पांढरा ठिपका काळसर ठिपक्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पेटतो. शिवाय पूर्ण पडदा पांढरा असेल तर वीज फार खाईल, म्हणून टीव्ही आपणहून एकंदर तेज कमी करतो. उलट पडदा बहुतेक काळा आणि एखादाच भाग उजळ असेल, तर त्या भागाला मोकळं सोडतो, पूर्ण जोर लावू देतो. आता डोळ्यांसमोर आणा: अंधाऱ्या बोगद्यातला शूटिंग गेम, सगळा पडदा काळपट, आणि कोपऱ्यात पांढरेशुभ्र आकडे. टीव्हीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट चित्र काढून दाखवा.

एक्सबॉक्स ३६० आला २००५ मध्ये, प्लेस्टेशन ३ आणि वी २००६ मध्ये. यातल्या पहिल्या दोघांवर हाय डेफिनिशन गेम, आणि नेमके त्याच वर्षांत प्लाझ्मा मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागले होते, निदान अमेरिका-युरोपात. आणि गेमरांना प्लाझ्माच हवा असायचा. त्या वेळच्या एलसीडीवर वेगाने काही हललं की चित्र फरफटायचं, काळा रंग राखाडी दिसायचा. प्लाझ्मावर हालचाल लख्ख, काळं म्हणजे काळं. पायोनियरने २००७ मध्ये आपल्या टीव्हींना नावच कुरो दिलं. जपानीत कुरो म्हणजे काळा. ज्यांनी तो पाहिलाय ते अजून त्याच्याबद्दल हळव्या आवाजात बोलतात. तर गेमसाठी सगळ्यात चांगला पडदा आणि गेमने सगळ्यात जास्त खराब होणारा पडदा, हे दोन्ही एकच होते.

मग लोक जपायला लागले. नवा टीव्ही आणला की पहिले शंभर-दोनशे तास त्यावर नुसत्या सपाट रंगांच्या स्लाइड फिरवायच्या, म्हणजे लेप सारखा मुरेल. नवा कॉन्ट्रास्ट कमी ठेवायचा. जुने चौकोनी गेम खेळताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की चुकचुकायचं, कारण मधला भाग वापरला जातोय आणि कडा कोऱ्या राहतायत. काही टीव्ही म्हणूनच त्या पट्ट्या काळ्याऐवजी राखाडी दाखवायचे. खेळताना दिसायला भिकार, पण कडांचंही वय वाढत राहायचं. आणि गेम पॉज करून जेवायला जाणं? घरात भांडणं व्हायची त्यावरून.

कंपन्यांनीही उपाय दिले. पिक्सेल ऑर्बिटर, म्हणजे सगळं चित्र काही वेळाने एक-दोन ठिपके इकडेतिकडे सरकवायचं. डागाची कडा धारदार न राहता विरघळते. मग सरकती पांढरी पट्टी, किंवा पडदाभर पांढरा रंग, सावली दिसली की तो लावून ठेवायचा. तात्पुरत्या सावलीचं कारण असं की भरपूर पेटलेल्या कप्प्यांच्या आतल्या पृष्ठभागात थोडा बदल झालेला असतो आणि ते शेजाऱ्यांपेक्षा जरा वेगळे पेटतात. सगळ्यांना सारखं काम दिलं की हळूहळू फरक मिटतो. खऱ्या बर्न-इनवर मात्र या पांढऱ्या रंगाचा उपाय म्हणजे इतरांनाही म्हातारं करून बरोबरी साधणं. चपलेचा एक अंगठा झिजला म्हणून दुसरा घासण्यासारखं.

इथे माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. बहुतेक वॉरंट्यांमध्ये इमेज रिटेन्शन आणि बर्न-इन धरलेलं नसायचं. पुस्तिकेत लिहिलेलं असायचं की स्थिर चित्र जास्त वेळ ठेवू नका, व्हिडिओ गेमचं उदाहरण देऊन. म्हणजे डाग पडला तर दोष कुणाचा? तुमचा. तुम्ही जास्त खेळलात. पण जाहिरातीत तोच टीव्ही गेमसाठी उत्तम म्हणून दाखवायचा, आणि आत बारीक अक्षरांत गेम जपून खेळा म्हणायचं, हे काही बरोबर नाही. पडद्याचा स्वभाव कंपनीला आधीपासून माहीत होता. सवय बदलायची जबाबदारी मात्र सोळा वर्षांच्या पोरावर, ज्याच्या आई-बाबांनी पैसे साठवून टीव्ही घेतला होता. दुसऱ्या बाजूने हेही खरं की शेवटच्या काही वर्षांतले प्लाझ्मा बरेच सुधारले होते, आणि थोडी काळजी घेणाऱ्या बऱ्याच जणांना कायमचा डाग कधी दिसलाच नाही. पण पहिल्या डागांची कीर्ती इतकी पसरली होती की दुकानात सेल्समन एलसीडी विकताना आधी तेच बोलायचा.

गेमच्या बाजूनेही थोडं झालं. वीच्या सेटिंगमध्ये बर्न-इन कमी करण्याचा पर्यायच होता; रिमोट काही मिनिटं हलला नाही की पडदा मंद. एक्सबॉक्स ३६० सुद्धा नुसता पडून राहिला की उजेड उतरवायचा. एचयूडी गाळण्याचे प्रयोगही याच काळातले. २००५ चा किंग काँगवरचा गेम कडेला काहीच न दाखवता खेळता यायचा. २००८ च्या डेड स्पेसमध्ये नायकाचा जीव त्याच्या पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांत दिसायचा. हे टीव्ही वाचवायला केलं नव्हतं, खेळणारा गोष्टीत बुडून जावा म्हणून केलं होतं. पण प्लाझ्मावाल्यांनी मनातल्या मनात आभार मानले असतील.

शेवट पटकन झाला. एलसीडी स्वस्त झाले, हलके झाले, वीज कमी खाऊ लागले. पायोनियरने २००९ च्या फेब्रुवारीत टीव्हीतून बाहेर पडायची घोषणा केली. पॅनासॉनिकने २०१३ संपताना प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, २०१४ मध्ये सॅमसंग आणि एलजीनेही. प्लाझ्मा बर्न-इनने मेला असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका. त्याला मारलं किमतीने आणि फोर-केने. तेवढे बारीक ठिपके परवडणाऱ्या दरात प्लाझ्मात बसवणं जड जात होतं.

२०१३ मध्येच एलजीने ५५ इंची ओलेड टीव्ही बाजारात आणला. त्यात वायू नाही, कप्पे नाहीत. प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो आणि देता देता थकतो. निळा पुन्हा नाजूक. ओळखीचं वाटतंय ना? उपायही तेच आले, नावं बदलून: चित्र हळूच सरकवणं, लोगोचा उजेड कमी करणं, टीव्ही बंद असताना आतून हिशेब जुळवणं. तुमच्या फोनवरचं ऑलवेज-ऑन घड्याळ दर थोड्या वेळाने किंचित जागा बदलतं, कधी लक्ष दिलंय? तो प्लाझ्माचा पिक्सेल ऑर्बिटर आहे, खिशात आलेला. २०१७ मध्ये ओलेड असलेला पहिला आयफोन आला, तेव्हा अॅपलनेच आपल्या मदत पानावर लिहून टाकलं की काळानुसार थोडं बर्न-इन होणं अपेक्षित आहे. ही ओळ वाचली की मला प्लाझ्माच्या पुस्तिका आठवतात.

पण पूर्वीइतकं घाबरायचं कारण नाही. निन्टेन्डो स्विचचं ओलेड मॉडेल २०२१ मध्ये आलं, तेव्हा एका यूट्यूबरने मुद्दाम त्यावर एकच चित्र लावून तो चालू ठेवला. रात्रंदिवस. पहिली पुसट सावली दिसायला ३,६०० तास लागले, म्हणजे पाच महिने न विझवता. बीजीएमआयचं फायर बटण तुम्ही इतका वेळ नाही दाबत. दाबत असाल, तर आधी आईशी बोला.

आता तो वाद. हिरव्या मैदानावरचा गोल कुठल्या गेमचा?

मित्राचं म्हणणं, जीटीए. जीटीए ४ मध्ये नकाशा गोल असतो आणि खाली डाव्या कोपऱ्यातच असतो. २०१३ च्या जीटीए ५ मध्ये तो आयताकृती झाला. म्हणजे आधीचा मालक २०१३ च्या आधी जीटीए खेळत होता, असा त्याने तारखेसकट निकाल लावला. पुराणवस्तू खात्यात जायला हवा होता हा. दादा म्हणाला, हेलो. त्यातही शत्रू दाखवणारा रडार गोल आणि त्याच कोपऱ्यात. पुरावा दोघांकडेही सारखाच, त्यामुळे विषय तिथेच लोंबकळला.

काही महिन्यांनी आम्ही त्या टीव्हीवर एक सिनेमा बघत होतो. नायक बर्फात हरवला, कॅमेरा वर गेला आणि पूर्ण पडदा पांढरा झाला. मॅचच्या वेळी वरच्या बाजूला नेहमी प्रेक्षक आणि स्टँड असायचे, तिकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. या वेळी वर, अगदी मधोमध, एक आडवी, बारीक, किंचित वाकलेली पट्टी दिसली. हेलो ३ मध्ये ढालीची पट्टी तिथेच असते. जीटीएमध्ये तिथे कायम असं काहीच नसतं.

दादाने सिनेमा पॉज केला, उठून पडद्याजवळ गेला, पट्टीवर बोट ठेवलं आणि मित्राकडे बघितलं. मागून काकू ओरडल्या, "पॉज करून ठेवू नका रे, अजून एक डाग पडेल!"